तांबीचा बांध

फार फार वर्षं झाली. किती, ते मला विचारू नका. पाणखार गावात हा प्रश्न विचारला की प्रत्येक घर वेगळं उत्तर देतं आणि मग संध्याकाळपर्यंत भांडण चालतं. कुणी म्हणतं आजोबांच्या आजोबांच्या वेळची गोष्ट, कुणी म्हणतं त्याच्याही आधीची. एवढं मात्र सगळे एका सुरात सांगतात, की तेव्हाही समुद्र होता आणि तेव्हाही बांध होता, पण बांधाला नाव नव्हतं. ते नंतर पडलं. कसं पडलं ते सांगतो. नीट सरसावून बसा, आणि कुणाच्या मांडीवर एखादं पिल्लू येऊन झोपलं असेल तर गोष्ट संपेपर्यंत त्याला उठवू नका.

पाणखार गाव खाडीच्या काठावर. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि मध्ये पुरुषभर उंचीचा बांध. हा बांध दगडाचा नाही, चुन्याचा नाही, नुसत्या चिखलाचा. पिढ्यान् पिढ्या माणसांनी पायांनी तुडवून तो पक्का केलेला. रोजच्या भरतीला पाणी बांधाच्या गुडघ्याशी येतं, अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पार गळ्याशी येतं. म्हणजे उधाणाच्या वेळी समुद्र वर असतो आणि भात खाली असतं. अशा वेळी बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी शेतात शिरतं, आणि जिथं ते शिरलं तिथं पुढे कैक वर्षं गवतसुद्धा धड उगवत नाही. त्या गावातला माणूस एखाद वेळ देवाला विसरेल, पण बांधाला विसरणार नाही.

बांध सगळ्या घरांमध्ये वाटलेला होता. इथून तिथपर्यंत तुझा वाटा, तिथून पुढे त्याचा. ज्याचा वाटा त्यानं राखायचा. आणि सगळ्यांना मिळून एक नियम होता, की बांध उकरायचा नाही. त्यात खुंटी ठोकायची नाही, त्यावर शेळी बांधायची नाही. पोरानं खेळायला ढेकूळ उचललं तरी पाठीत धपाटा बसायचा. बांध उकरणं म्हणजे गावाच्या अन्नात माती कालवणं, असं तिथं मानत.

या गावात नागूबाय नावाची एक बाई राहायची. नवरा तापानं गेलेला, मूलबाळ नाही. जीभ अशी तिखट, की तिच्या दारावरून जाताना माणसं पाय न वाजवता जात. आपल्या वाट्याचा बांध ती एकटीच राखायची, आणि ओहोटी लागली की इतर बायकांबरोबर खाडीच्या चिखलात उतरून निवट्या मासे नि खेकडे धरायची. खेकड्यांशीही ती भांडायची असं म्हणतात. मला यात नवल वाटत नाही. घरी बोलायला कुणी नसलं की माणूस मिळेल त्याच्याशी बोलतो.

एके दिवशी मिठाचा एक मचवा खाडीतून खाली निघाला होता. बायका चिखलात वाकलेल्या होत्या. मचव्यावरून काहीतरी फेकलं गेलं आणि चिखलात येऊन रुतलं. बघतात तर कुत्री. खरजेनं अंगावरचे केस गेलेले, बरगड्या वर आलेल्या. मचव्यावर जन्मली असेल किंवा कुठल्या बंदरात चढली असेल, कुणास ठाऊक. आजारी झाली आणि नकोशी झाली. ती पोटापर्यंत चिखलात अडकली होती, आणि ओहोटी संपून भरती तर लागली होती.

भरती लागली की चिखलातल्या बाईनं बांध गाठायचा असतो, तिथं थांबून चालत नाही. बायका निघाल्या. नागूबायही निघाली. मग तिनं मागे वळून पाहिलं. कुत्री भुंकत नव्हती, विव्हळतही नव्हती, नुसती तिच्याकडे बघत होती. नागूबाय पुढे जन्मभर सांगायची, की ती ओरडली असती तर मी गेले नसते, माझा स्वभाव तसा नाही. पण ती ओरडली नाही, म्हणून नागूबाय गेली. खेकड्यांची पाटी तिनं चिखलावर पालथी घातली, तिच्यावर पोट टेकलं आणि हातांनी चिखल मागे लोटत सरकत सरकत पोचली.

असं म्हणतात, की त्या दिवशी भरती वाटेत थांबली. नागूबाय कुत्रीला काखेत धरून परत सरकत होती तोवर पाणी तिवरांच्या मुळांशी उभं राहिलं, आणि तिचा पाय बांधाला लागल्यावर मगच पुढे आलं. काही जुनी माणसं म्हणतात, भरती कुणासाठी थांबत नसते, नागूबाय रागात होती आणि रागात ती फार जोरात जायची. तुम्हाला जे पटेल ते धरा.

गावानं नावं ठेवलीच. स्वतःच्या पोटाला जेमतेम मिळतं आणि हिनं आणखी एक तोंड आणलं, तेही खरजेचं. नागूबायनं कुणाला उत्तर दिलं नाही, यावरूनच काहीतरी वेगळं घडतंय हे लोकांनी ओळखायला हवं होतं. तिनं कुत्रीला करंजाचं तेल चोळलं, पेज पाजली, चुलीजवळ गोणपाट अंथरलं. पण कुत्री गोणपाटावर येईना. ती भाताच्या कणगीमागे अंधारात जाऊन बसली ती तिथंच राहिली. खराटा उचलला की लघवी करायची. पुरुषमाणूस खोकला की थरथरायची. कुणी बघत असेल तर घासाला तोंड लावायची नाही.

ज्यांनी असं जनावर कधी घरी आणलंय त्यांना हे ठाऊक आहे. ज्यांनी आणलं नाही त्यांना वाटतं, जीव वाचवला म्हणजे ते लगेच पायात लोळेल, शेपूट हलवील. तसं नसतं. वाचलेल्या जिवाला आपण वाचलोय हे कळायला वेळ लागतो. नागूबायला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं आपलं भाकरीचा तुकडा कणगीजवळ ठेवावा, तिकडे पाठ करून बसावं आणि गावाला शिव्या देत राहावं. मागे तुकडा खाल्ल्याचा आवाज आला की मग स्वतः जेवावं. असे पुष्कळ दिवस गेले. अंगावर नवे केस आले ते तांबूस आले, म्हणून ती तिला तांबी म्हणू लागली. आणि मग एका दुपारी नागूबाय अशीच पाठ करून बसली असताना तिच्या पाठीला काहीतरी ऊबदार टेकलं. नागूबाय हलली नाही. नवरा गेल्यावरही जी बाई चारचौघांत रडली नव्हती ती तिथं चुलीपुढे बसून रडली, आणि तिला फार बरं वाटलं.

इथवर सगळं चांगलं झालं. आता पुढचं ऐका.

तांबी नागूबायच्या मागे बांधावर जाऊ लागली. एके दिवशी चालता चालता ती थांबली. मान तिरकी केली, कान जमिनीला लावला, बराच वेळ तशीच राहिली. आणि मग दोन्ही पंजांनी बांध उकरायला लागली. नागूबाय धावली, तिला ओढून काढलं. कोपरभर भोक पडलं होतं. तिनं घाईघाईनं ओला चिखल आणि पेंढा त्यात कोंबला, वर नाचून नाचून तुडवला आणि इकडेतिकडे पाहिलं. अर्थात सगळ्यांनी पाहिलं होतं. पाणखारात बांधावर काय चाललंय ते सगळ्यांनाच दिसतं.

त्यानंतर तांबीला जणू वेडच लागलं. आज या वाट्यात, उद्या त्या वाट्यात, थांबायची, ऐकायची, उकरायची. ज्याच्या वाट्यात भोक पडे तो शिव्या देत यायचा, सुट्टी माती काढायचा, चिखल-पेंढा ठासून भरायचा आणि असा तुडवायचा की जणू पायाखाली कुत्रीच आहे. रागानं बुजवलेलं भोक फार चांगलं बुजतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बांधाचा म्होरक्या होता जोमा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मनात त्याला काळा रंग फासून मोकळे व्हाल. जोमा लहान असताना एकदा बांध फुटला होता. पिकलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं राहून कुजताना त्यानं पाहिलं होतं, निम्मं गाव भांडीकुंडी डोक्यावर घेऊन परमुलखात गेलेलं पाहिलं होतं. तेव्हापासून त्याला एकच भीती होती. आपल्या वाट्यात तर तो काठी घेऊन उभा राहायचा, तांबीला पाऊल टाकू द्यायचा नाही.

पाऊस तोंडावर आला तशी गावाची बैठक बसली. कुणी म्हणालं, कुत्रीला दगड बांधून खाडीत सोडा. जोमा म्हणाला, जीव घ्यायचा नाही, पण ती इथं राहणार नाही, तिला पलीकडच्या काठाला नेऊन सोडायचं. मग तो नागूबायकडे वळला.

"नागूबाय, कुतरी का गाव, येवराच सांग."

"गाव माझा हाय आनि कुतरीपन माझी हाय," नागूबाय म्हणाली. "यान निवराचा काय? ती बांध फोरीत नाय, जोमा. ती ऐकते, मंग उकरते."

काय ऐकते, असं लोकांनी विचारलं. ते नागूबायलाही सांगता येईना. लोक हसले, आणि जोमानं दुसऱ्या दिवशी तांबीला गोणीत घालून होडीत ठेवलं.

असं म्हणतात, की तिला पलीकडे सोडून जोमा वल्हं मारत परत आला, तर तांबी बांधावर आधीच येऊन बसली होती आणि अंग झाडत होती. ते पाणी जोमाच्या तोंडावर उडालं. त्यानं तिला पुन्हा गोणीत घातलं, पुन्हा नेलं, आणि या वेळी पलीकडच्या टेकडीमागे नेऊन सोडलं. ती टेकडी ओलांडून काठाला येईपर्यंत डोंगरातला पाऊस खाडीत उतरला होता. पाणी गढूळ होऊन घोंघावत होतं. त्यात उडी घेतली असती तर ती सरळ समुद्रात गेली असती.

तांबी काठावर बसून राहिली. पाणखाराकडे तोंड करून. इकडून तो तांबडा ठिपका सगळ्यांना दिसायचा. नागूबाय रोज आपल्या वाट्यावर येऊन उभी राहायची. तिकडे तांबी उठून पाण्याशी आली की ही दोन्ही हात वर करून खाली आणायची, म्हणजे बस, येऊ नको. मग तांबी बसायची. पावसात बसायची, उन्हात बसायची. पलीकडे जाणाऱ्या कोळ्यांच्या हाती नागूबाय भाकरी पाठवायची, आणि कोळी काठाला फेकून पुढे जायचे. तिला होडीत घ्यायची मात्र कुणाची छाती होत नव्हती, म्होरक्याचा शब्द होता. नागूबायचं बोलणं बंद झालं. तिच्या शिव्यांना कंटाळलेल्या गावाला आता ती शांतता खुपू लागली, पण तसं कुणी कबूल करेना.

श्रावण सरला, भात पोटरीला आलं, म्हणजे लोंबी फुटायच्या बेताला आलं. भाद्रपदातल्या अमावास्येचं उधाण आलं तेव्हा वारा खाडीच्या तोंडाकडून सुटला होता. सकाळच्या भरतीलाच पाणी बांधाच्या गळ्याशी लागलं. आणि मग आरडाओरडा सुरू झाला. बांधाच्या आतल्या अंगानं, शेताच्या बाजूला, पाणी पाझरत होतं. एका जागी नाही, कैक जागी. वर पाहावं तर बांध धड, एक भेग नाही, आणि खाली पायाशी मात्र खारं पाणी बुडबुडतंय.

चुलीवरचा भात तसाच टाकून गाव बांधावर धावलं. सगळ्यांत मोठी धार लागली होती ती जोमाच्या वाट्यात. त्यानं गोणपाट कोंबलं, ते आत ओढलं गेलं. पेंढ्याचा भारा कोंबला, तोही गेला. शेवटी तो स्वतः पाठ लावून भोकात बसला आणि बाकीच्यांनी त्याच्या छातीवर चिखल थापला. तसा तो भरती ओसरेपर्यंत बसून होता. बांध राहिला, पण तेवढाच राहिला. संध्याकाळची भरती याहून मोठी येणार होती आणि वारा अजून पडला नव्हता.

पाणी उतरल्यावर जोमानं ते भोक मोठं करून पाहिलं. तोंड बोटाएवढं, आणि आत हंडा ठेवता येईल एवढी पोकळी. खेकड्यांनी आतल्या आत बांध पोखरला होता. अशा पोकळ्या आणखी किती, कुठं, ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता. जोमा बांधावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. वाटेत त्याला जुनी बुजवलेली भोकं दिसली, तांबीची. त्या जागी पाझर नव्हता. एकाही जागी नव्हता. नागूबायचा वाटा तर सगळीकडून चाळणी केलेला, आणि तोच कोरडाठाक. ज्या वाट्यात कुत्रीला कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं त्याच वाट्यानं गाव बुडवायला काढलं होतं.

ती बांध फोडत नव्हती. आत फिरणारं पाणी तिला ऐकू येत होतं, आणि आपण शिव्या देत देत तिनं दाखवलेल्या पोकळ्या बुजवत होतो. हे आता सगळ्यांना एकदम कळलं. लोक नागूबायभोवती जमले आणि म्हणाले, होडी तयार आहे, चल, तिला घेऊन ये.

नागूबाय कितीतरी दिवसांनी बोलली.

"मी बोलावली त ती माझेसाठी येल. पाऊस सरल्यावर तुमी तिला परत गोनीन घालाल. ज्याना सोरली त्यानाच जावा."

सगळ्यांनी जोमाकडे पाहिलं. ओहोटी संपायला फार वेळ उरला नव्हता. जोमा होडीत बसला. मग नागूबाय काठाला आली आणि तिनं पदरातली भाकरी त्याच्या हातात दिली. तिच्याकडे बघू नको, एवढंच तिनं सांगितलं. पाठ करून बस. हात मागं ठेव. ती येईल तेव्हा येईल, तू मागं वळायचं नाहीस.

पलीकडच्या काठाला होडी लागली तशी तांबी दूर पळाली आणि झुडपाआड उभी राहिली. आपल्याला गोणीत घालणारा माणूस तिनं ओळखला होता. जोमा चिखलात खाली बसला. बांधाचा म्होरक्या, ज्याच्यापुढे गावात कुणी वर मान करून बोलत नसे, तो चिखलात मांडी घालून, मागे हात करून, हातात भाकरीचा तुकडा धरून बसला होता. समोर त्याला आपला बांध दिसत होता. बांधावर उभं असलेलं गाव दिसत होतं. आणि खाडीच्या तोंडाशी पाण्याचा रंग बदलतोय हेही दिसत होतं. उठावं, तिला पकडावं, उचलून न्यावं, असं त्याला पुन्हा पुन्हा वाटलं असेल. तो उठला नाही.

"चुकला माझा," तो समुद्राकडे बघत म्हणाला. "ये बाय, तांबी. घरा चल."

असं म्हणतात, की तेव्हा वारा पडला, आणि त्या शांततेत जोमाला आपल्या मागे चिखलात पावलं वाजताना ऐकू आली. ती थांबली. पुन्हा वाजली. मग बोटांना ओलं नाक लागलं, आणि भाकरी गेली. तरी जोमा वळला नाही. तो उठून पुढे बघत होडीकडे चालत गेला, आणि होडीत बसून वळला तेव्हा तांबी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, चढून बसली होती. बांधावरून पाहणाऱ्या लोकांना तो तांबडा ठिपका काठावरून निघून पाण्यावर आलेला दिसला, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

होडी लागली. तांबी उडी मारून नागूबायच्या पायांत शिरली, तिच्याभोवती दोन-चार गिरक्या घेतल्या, आणि मग जणू मधे पावसाळा गेलाच नाही अशी बांधावर चढून कान टवकारून चालू लागली. मागे सगळं गाव, हातात फावडी, डोक्यावर चिखलाच्या पाट्या. ती थांबली की गाव थांबायचं, श्वाससुद्धा हळू घ्यायचं. तिनं दोन पंजे मारले की पुरुष तिथं फावडं घालायचे, पोकळी उघडायचे, बायका चिखल-पेंढा ओतायच्या, पोरं तुडवायची. ती तोवर पुढे गेलेली असायची. पंजांची नखं झिजून रक्त आलं. नागूबायनं तिला थांबवायला पाहिलं, पण ती थांबली नाही. जोमाच्या वाट्यात तर ती इतक्या जागी उकरायला लागली की शेवटी जोमाला हसू फुटलं.

सूर्य टेकला तेव्हा शेवटची पाटी ओतली आणि पाणी आलं. वारा पुन्हा सुटला होता. पाणी बांधाच्या गुडघ्याशी आलं, कमरेशी आलं, गळ्याशी आलं आणि ओठाशी येऊन उभं राहिलं. माणसं बांधावर ओळीनं उभी होती. बघायचं होतं ते समुद्राकडे नाही, शेताकडे. आतल्या अंगाला पाय कोरडा आहे का, एवढंच.

कोरडा होता. असं म्हणतात, की त्या संध्याकाळी पाणी बांधाहून हातभर उंच चढलं होतं, काचेसारखं उभं होतं, पण तांबी बांधाच्या मधोमध बसली होती म्हणून ते पलीकडे पडलं नाही. हे मी म्हणत नाही, म्हणतात. माझ्यापुरतं एवढं पुरे आहे, की बांध टिकला. पाणी घटकाभर ओठाशी थांबलं, मग त्यावरचा फेस मागे फिरला, मग बांधाचा ओला गळा दिसला, मग कंबर दिसली. कुणीतरी खाली बसलं. मग सगळेच बसले, चिखलातच. एका बाईला उगाचच हसू आलं आणि तिचं बघून सगळ्यांना आलं. पोटात कळ येईपर्यंत लोक हसले आणि मधेच रडले. घराघरांतला सकाळचा अर्धवट शिजलेला भात तसाच आणला, आणि तो कच्चा भात गावानं बांधावर बसून असा खाल्ला की तसं जेवण पुन्हा कधी झालं नाही म्हणतात. तांबी त्या सगळ्या माणसांच्या मधोमध चारी पाय वर करून झोपली होती. पुरुष खोकत होते, पोरं तिच्यावरून उड्या मारत होती, तिला पत्ता नव्हता.

तांबी पुढे पुष्कळ जगली. कुठल्याही घरात जायची, कुठल्याही ताटाशी बसायची. नागूबाय गावाला शिव्या देऊ लागली आणि गावाला बरं वाटलं. एका थंडीत, कोवळ्या उन्हात, नागूबायच्या पायावर मान ठेवून तांबी गेली. तिला पुरायचं कुठं, हा प्रश्न आला तेव्हा जोमा कुदळ घेऊन निघाला. ज्या बांधाला विनाकारण कुदळ लावायची नाही त्या बांधाला त्यानं आपल्या वाट्यात कुदळ लावली, आणि तांबीला आत निजवून गावानं वर चिखल तुडवला, हळूहळू, अनवाणी. तेव्हापासून त्याला तांबीचा बांध म्हणतात.

पाणखारात आजही पावसाळ्याआधी सगळं गाव बांधावरून चालत जातं आणि गावातली कुत्री पुढे सोडतात. कुत्रं जिथं हुंगून पंजा मारील तिथं उकरून पुन्हा ठासायचं, असा रिवाज आहे. सगळीच कुत्री काही तांबी नसतात. पुष्कळदा आत पोकळी नसते, एखादा चिडलेला खेकडा निघतो आणि कुणाच्या तरी बोटाला लटकतो. तरी उकरतात. कुत्र्याला उगाच उकरलंस असं कुणी म्हणत नाही.

आणखी एक रिवाज आहे, आणि खरं तर तो सांगायलाच मी बसलो. गावात कुणी वेगळी चूल मांडली की त्या घराला बांधाचा वाटा मिळतो. पण त्याआधी त्या घरानं एक बेवारशी जनावर आणायचं असतं. विकत घेतलेलं चालत नाही, कुणी हौसेनं भेट दिलेलं चालत नाही. रस्त्यावर टाकलेलं, बाजारात लाथा खाणारं, म्हातारं, लंगडं, आंधळं, ज्याला कुणी विचारत नाही असं आणायचं. मग म्होरक्या त्या दारात येतो आणि घरात कोण कोण आहे, असं विचारतो. घरच्यांनी सगळ्यांची नावं सांगायची. त्यात त्या जनावराचं नाव आलं की वाटा मोजायचा.

मागच्या पावसाळ्याआधी मी तिथं होतो. किसन आणि सुनंदा असं नवंच जोडपं. त्यांनी हायवेच्या कडेला गाडीनं उडवलेली एक काळी कुत्री आणली होती. म्होरक्या आता नवा, मिशीसुद्धा नीट न फुटलेला. त्यानं दारात उभं राहून विचारलं, घरान कोन कोन हाय. किसननं आईचं नाव सांगितलं, आपलं सांगितलं, सुनंदाचं सांगितलं, आणि मग चाचरत म्हणाला, की कुत्रीचं नाव चंपी ठेवलंय, पण ती मोरीच्या मागे जाऊन बसलीये, चार महिने झाले तरी हात लावू देत नाही, बाहेर येईल असं वाटत नाही. तेव्हा तिला घरच्यांत धरावं का नको हे तुम्हीच सांगा. सुनंदाचं तोंड उतरलं होतं. आपला वाटा गेला असं तिला वाटलं असणार, किंवा कुत्री परत न्यावी लागेल असं.

म्होरक्यानं आत डोकावूनही पाहिलं नाही. तो मोरीकडे पाठ करून उंबऱ्यावर खाली बसला.

"नाव ठेवला ना? मंग ती घरचीच हाय," तो म्हणाला. "चाय टाक वयनी, आमी बसताव."